तारीख लिहून ठेवली होती का?

जुलै महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरे देते आहे. पाचही ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली. माणसांची आणि कंपन्यांची नावे काढली आहेत, तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. एका सहकाऱ्याच्या बाजूने त्यांनी चौकशीत साक्ष दिली आणि थोड्याच दिवसांत त्यांना मशीनवरून उठवून गेटवर बसवले. आमच्या घरी त्यावर वर्षानुवर्षे बोलणे होत राहिले. पण साक्ष कोणत्या दिवशी दिली आणि गेटवर कधी बसवले, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हते. वकिलाने विचारले तेव्हा वडील आईकडे बघायला लागले. केस उभीच राहिली नाही. ठाण्याच्या कामगार न्यायालयात वकिली करताना मला आता सव्वीस वर्षे होतील, पण समोर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न मी अजून तोच विचारते.

प्रश्न : महापे येथील एका बीपीओत मी सहा वर्षे काम करते. आमच्या टीम लीडरविरुद्ध ९ जूनला अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची लेखी तक्रार दिली. २० जूनपासून मला न विचारता रात्री दहा ते सकाळी सातची पाळी लावली. ३ जुलैला ‘काम समाधानकारक नाही’ म्हणून पीआयपीचा, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवण्याचा, कागद हातात दिला. २८ जुलैला पुण्याला बदली, ४ ऑगस्टला हजर व्हायचे. एचआर म्हणते, नेमणूकपत्रात बदलीची अट आहे, तू सही केली आहेस. समिती म्हणते, चौकशी चालू आहे. घरचे म्हणतात, राजीनामा दे आणि सुटका करून घे. काय करू?
– ३१ वर्षे, कोपरखैरणे

उत्तर : पत्र मिळाले त्याच दिवशी तुमच्याशी फोनवर बोलले, कारण अंक छापून येईपर्यंत ४ ऑगस्ट उलटून गेला असता. जे बोलले तेच इथे इतरांसाठी लिहिते.

आधी तुमचे पत्र पुन्हा वाचा. तक्रारीनंतर अकराव्या दिवशी रात्रपाळी, चोविसाव्या दिवशी पीआयपी, एकोणपन्नासाव्या दिवशी बदली. ‘तक्रार केली म्हणून बदली’ असे कोणतीही कंपनी कागदावर लिहून देत नाही. न्यायालय सूड ओळखते तो असा, घटना एकीमागून एक कशा आल्या ते पाहून. त्याच्या शेजारी तुमची गेल्या पाच वर्षांची अप्रेझल, म्हणजे कामाची वार्षिक मूल्यमापने, ठेवा. पाच वर्षे चांगली असलेली मुलगी तक्रारीनंतर चोविसाव्या दिवशी अचानक नालायक कशी ठरली, याचे उत्तर आता कंपनीला द्यायचे आहे. आणि तुम्ही फोनवर सांगितलेत ते सर्वांत महत्त्वाचे : पीआयपीच्या कागदावर सही त्याच टीम लीडरची आहे. तो कागद जिवापाड जपा.

आता कायदा. २०१३ च्या कायद्यात, ज्याला सगळे ‘पॉश’ म्हणतात, नोकरीबाबत उघड किंवा आडून दिलेली धमकी हीसुद्धा लैंगिक छळाच्या व्याख्येत धरली आहे. म्हणून रात्रपाळी, पीआयपी आणि बदली यांचा समितीकडे पुरवणी अर्ज द्या. त्याच अर्जात अंतरिम दिलासा मागा. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली करावी, तुम्हाला नेहमीच्या रजेखेरीज तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी, अशी शिफारस समिती करू शकते. पण हे सगळे तुमच्या लेखी विनंतीवरून. ही बदली पीडितेच्या सोयीसाठी आहे, तिला दूर फेकण्यासाठी नाही. याच कायद्याच्या नियमांप्रमाणे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तुमच्या कामाचा अहवाल लिहायला मनाई करता येते. म्हणजे तो पीआयपी मुळातच त्याच्या हातून यायला नको होता. समितीला चौकशी ९० दिवसांत संपवायची आहे, म्हणजे ७ सप्टेंबरपर्यंत. हे त्यांना लेखी आठवण करून द्या.

रात्रपाळीबद्दल वेगळे सांगते, कारण महापे-ऐरोली पट्ट्यातल्या मुलींना हे माहीतच नसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचे तर तिची संमती लागते, शिवाय सुरक्षेची व्यवस्था लागते. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती, पगार यांत स्त्रियांशी भेदभाव करायचा नाही, असेही तोच कायदा सांगतो. सहा वर्षांपूर्वी नेमणूकपत्रावर केलेली सही ही त्या दिवशीच्या रात्रपाळीची संमती होत नाही.

बदली हा नोकरीचा भाग आहे, न्यायालये सहसा त्यात पडत नाहीत. हे तुम्हाला आधीच सांगितलेले बरे. पण धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली ही आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरते. आम्ही वकील तिला ‘यूएलपी’ म्हणतो. तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची, घटनेपासून ९० दिवसांत, आणि पहिल्याच तारखेला स्थगिती मागायची. बदलीचे ९० दिवस २६ ऑक्टोबरला संपतात, पण रात्रपाळीचे १८ सप्टेंबरलाच. प्रत्येक कृत्याचे दिवस वेगळे मोजतात. लोक शेवटच्या घटनेपासून मोजतात आणि आधीच्या दोन हातच्या घालवतात.

४ ऑगस्टला नुसते घरी बसायचे नाही. तसे केले तर ‘न सांगता गैरहजर’ हा नवा आरोप तुम्हीच त्यांच्या हातात देता. बदली तक्रारीच्या सूडापोटी आहे, मी तिच्याविरुद्ध दाद मागते आहे, तोवर इथेच काम करायला तयार आहे, असा ईमेल आधी पाठवा आणि वकिलाकडे पळा.

राजीनामा? अजिबात नाही. तो दिलात की सूडाची सगळी साखळी पुसली जाते आणि कंपनी म्हणते, ती स्वतःच गेली.

एक सावधगिरी. पुरावा जमवताना रोस्टर, अप्रेझल आणि तुमच्या नावे आलेले ईमेल एवढेच घ्या. ग्राहकांची माहिती असलेली एकही फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. मागे एका अत्यंत खऱ्या तक्रारीची बाजू याच चुकीने लंगडी झालेली मी पाहिली आहे. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन सांभाळून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि फोन बदलून टाकलेला असला की तिथेच गाडी अडते.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. चार वर्षे झाली, दर अकरा महिन्यांनी नवीन कंत्राट. पगार २६,००० रुपये. मला पाचवा महिना चालू आहे. सिस्टरांना आणि एचआरला तोंडी सांगितले होते. आता म्हणतात, ३१ ऑगस्टला कंत्राट संपते, पुढचे देणार नाही. ‘तुला काढत नाही, मुदत संपली’, असे म्हणाले. मग मला बाळंतपणाची रजा मिळणारच नाही का?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : मिळेल. आणि ‘काढत नाही, मुदत संपली’ हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे की ते कुणीतरी सगळ्या एचआरना पाठ करून घेतले असावे असे वाटते.

मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर प्रसूती लाभाचा हक्क निर्माण होतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. कायद्याला कायम आणि कंत्राटी असा फरक मान्य नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसे सांगितले. तुमच्यासाठी त्याहून जवळचा निकाल २०२३ चा, डॉ. कविता यादव यांचा. त्याही ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर होत्या. न्यायालयाने म्हटले की मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचा पूर्ण लाभ द्यावा लागतो. १९६१ चा जुना कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. आठवडे, ८० दिवस, गरोदरपणामुळे काढून टाकण्यास मनाई, हे सगळे तिच्यात आले आहे. एचआरने ‘तो कायदा रद्द झाला’ असे सांगितले तर हे ऐकवा. तुमचा पगार २१,००० च्या वर आहे, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नाही, पैसे रुग्णालयाने द्यायचे.

त्या निकालाने पैसे मिळतात, नवे कंत्राट आपोआप मिळत नाही. ही दोन भांडणे वेगळी ठेवा. चार वर्षे अकरा-अकरा महिन्यांवर ठेवणे, कायमपणाचे फायदे टाळण्यासाठी, ही पुन्हा यूएलपी. आणि नेमके गरोदरपणातच नूतनीकरण थांबले, तर त्याचे खरे कारण काय, हा प्रश्न न्यायालयात विचारता येतो.

पण तो विचारायचा तर त्यांना तुमचे गरोदरपण कधी कळले, हे दाखवावे लागेल. तुम्ही ‘तोंडी सांगितले’ लिहिलेत तिथे माझ्या पोटात गोळा आला. म्हणून तुम्हाला फोन करून विचारले, काहीच लिहिलेले नाही का? तेव्हा तुम्हाला आठवले : १२ जूनला इन्चार्जना व्हॉट्सॲप केले होते, ‘मॅडम मला आता वॉर्डातले पोर्टेबल एक्स-रे नका देऊ, चौथा लागेल.’ खाली त्यांचा होकाराचा अंगठा, इमोजीचा. तो अंगठा तुमचा साक्षीदार आहे. रेडिएशनच्या कामात गरोदर बाईची ड्यूटी बदलतात, रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, तेव्हा त्या मेसेजचा अर्थ समजला नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. आता सोनोग्राफीच्या रिपोर्टची प्रत जोडून प्रसूती लाभाची लेखी नोटीस द्या, ३१ ऑगस्टच्या आधी. आवकचा शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. काढून टाकल्याचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश आला तर त्यावर दाद मागायला ६० दिवस आहेत.

प्रश्न : तुर्भ्याला एका गोदामात हेल्पर आहे. मी अनुसूचित जातीचा. ७ जुलैला कँटीनमध्ये सुपरवायझरने जातीवरून शिवी दिली, आठ-दहा जण जेवत होते. मी मॅनेजरकडे लेखी दिले. १५ तारखेला मलाच आरोपपत्र आले, वरिष्ठांशी उद्धट वागणूक. सस्पेंड केले आहे. पोलीस म्हणाले, कंपनीचा मामला आहे, तिकडेच मिटवा. सोबतचे कुणी बोलायला तयार नाही.
– २७ वर्षे, तुर्भे स्टोअर

उत्तर : दादा, हा कंपनीचा मामला नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात लोकांच्या देखत जातीवरून अपमान करणे आणि जातीच्या नावाने शिवी देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने यात ‘लोकांच्या देखत’ या शब्दांवर फार भर दिला आहे. बंद केबिनमध्ये दोघेच असताना झालेले या कलमात बसवणे अवघड जाते. तुमचे कँटीनमध्ये झाले, जेवणाच्या सुट्टीत. म्हणून अर्जात त्या जागेचे नीट वर्णन करा. कुठल्या टेबलावर, कोण कुठे बसले होते, किती वाजता, नेमके शब्द काय. शब्द लिहायला लाज वाटते म्हणून ‘जातिवाचक बोलला’ एवढेच लिहू नका. ते शब्दच गुन्हा आहेत.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर असा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नवी मुंबईत आयुक्तालय आहे, तपास सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. पोलीस ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस आयुक्तांना पाठवा आणि त्याची पोच ठेवा. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही याच कायद्यात शिक्षा आहे. साक्षीदारांना संरक्षण देण्याची तरतूदही आहे, हे तुमच्या सोबतच्यांना सांगा. आज ते गप्प आहेत म्हणून त्यांच्यावर रागावू नका. दुसरा कुणी बोलला की तिसरा बोलतो.

दुसरीकडे ते आरोपपत्र. चिडून फाडू नका आणि दुर्लक्षही करू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या : आरोप नाकारतो, माझी ७ तारखेची तक्रार अशी होती, तिच्यानंतर आठव्या दिवशी हे आले. चौकशीत कागदपत्रांच्या प्रती मागा, साक्षीदारांची उलटतपासणी मागा, सोबत सहकारी प्रतिनिधी मागा. न दिल्यास तसे चौकशीच्या रोजनाम्यात लिहून घ्यायला लावा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या पानावर सही नाही. निलंबनकाळात पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, तुमची चूक नसताना चौकशी लांबली तर पुढे पाऊण. तो मागितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून आजच मागा. शेवटी कामावरून काढलेच, तर सूडापोटी आणि खोट्या कारणाने काढणे याविरुद्ध कामगार न्यायालयात ९० दिवसांत जायचे.

आता वकिलाच्या पैशांचे. अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

प्रश्न : ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, पदनाम असिस्टंट मॅनेजर, वय ४९. शुक्रवारी चार वाजता मीटिंग रूममध्ये बसवून राजीनाम्याचा तयार मजकूर समोर ठेवला. सही नाही केली तर टर्मिनेट करू, रिलीव्हिंग लेटर देणार नाही, म्हणाले. मी सही केली. टीममधल्या तरुणांना कुणी हात लावला नाही. वयावरून हा भेदभाव नाही का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : भेदभाव आहे, पण खासगी नोकरीत केवळ वयावरून केलेल्या भेदभावाला थेट पकडणारा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेची समानतेची कलमे मुख्यतः सरकारला बांधतात. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण खोटी आशा देणार नाही.

मग काय आहे? जबरदस्तीने घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो, ती कामावरून काढणेच असते. फक्त जबरदस्ती झाली हे लगेच सांगावे लागते. स्वीकृतीचा ईमेल येण्याआधी, आज रात्रीच, लिहा : शुक्रवारी चार ते पाच, अमुक खोली, अमुक दोघे हजर, या दबावाखाली सही केली, राजीनामा मागे घेतो. तीन महिन्यांनी लिहिलेल्या याच पत्राला कुणी विचारत नाही.

पदनामाने घाबरू नका. न्यायालय कार्डावरचे नाव बघत नाही, दिवसभर तुम्ही काय करता ते बघते. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का? कुणाला नेमता, काढता का? की स्वतःच कोड लिहिता आणि तक्रारींची तिकिटे बंद करता? दुसऱ्या प्रकारचे काम मुख्य असेल तर तुम्ही कामगार ठरू शकता आणि काढून टाकल्याचा वाद दोन वर्षांच्या आत नेता येतो. खरोखरच व्यवस्थापकीय काम असेल तर कामगार कायद्याची दारे बंद, मग कराराच्या आधारे दिवाणी न्यायालय. आणि राहिलेला पगार नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो, ‘पंचेचाळीस दिवसांत फुल अँड फायनल’ हे कंपन्यांचे जुने वळण आहे.

प्रश्न : आई खारघरला चार घरी धुणीभांडी करते. एका घरी साहेबांनी तिचा हात धरून ओढले. ती ओरडून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिलाच कामावरून काढले आणि सोसायटीच्या ग्रुपवर चोरीचा संशय टाकला. आता आणखी दोन घरांनीही नको म्हटले. आईला लिहिता येत नाही. आमच्यासाठी काही कायदा आहे का?
– मुलगी, इयत्ता बारावी

उत्तर : आहे, बाळा. पॉश कायद्यात घरकाम करणारी बाई कामगार आहे आणि ते घर ही कामाची जागा आहे. तिथे अंतर्गत समिती नसते, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते. पोलीस ठाण्यात थेट जायलाही आडकाठी नाही, आणि चोरीची बदनामी झाली आहे म्हणून मी तेही लवकर करायला सांगेन. त्या ग्रुपवरचा मेसेज ज्याच्या फोनवर आहे त्याला तो पुसू नका म्हणावे.

खारघर नवी मुंबईत असले तरी जिल्हा रायगड आहे, ठाण्याला चकरा मारू नका. समिती अलिबागची. पण तक्रार घेऊन ती पुढे पाठवण्यासाठी तालुक्यात आणि शहरी भागात वॉर्डात किंवा नगरपालिकेत नोडल अधिकारी नेमायचा असतो, तेव्हा आधी पनवेलला विचारा. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणे हे समितीचे काम आहे. तूही लिहून देऊ शकतेस, खाली आईचा अंगठा.

तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. फोनवर तू म्हणालीस, आईला तारीख आठवत नाही. मग आईशी बोलले. त्या म्हणाल्या, ‘बाई वडाला गेल्या होत्या, म्हणून घरात साहेब एकटे होते. मी भांडी घासत होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती.’ अर्जात हेच लिहायचे, वटपौर्णिमेच्या दिवशी सकाळी, बाई वडाला गेलेल्या असताना. भिंतीवरचे कॅलेंडर काढून तारीख तू पुढे घाल.